लाइनच्या आत, लाइनच्या बाहेर : विम्बल्डनची टपालपेटी

13 जुलै 2025 ला विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात यानिक सिनरनं कार्लोस अल्कराझला 4-6, 6-4, 6-4, 6-4 असं हरवलं. पुरुष एकेरीत विम्बल्डन जिंकणारा तो पहिला इटालियन. त्यानंतरच्या आठवड्यात आलेली पत्रं एकाच अंकात बसणं शक्य नाही, म्हणून पुरुष एकेरीवरची तेवढी निवडली आहेत. जोकोविच निवृत्त कधी होणार, असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकत्रच सांगते: ते त्याला विचारा.

ताई, यंदा विम्बल्डनला लाइनवर माणसंच नव्हती. यंत्र 'आउट' म्हणतं आणि सगळे मान डोलावतात. तुम्ही स्वतः लाइन अंपायर होतात. वाईट वाटलं का? आणि यंत्र चुकत नाही, हे खरं का?
– निवृत्त शिक्षक, कऱ्हाड

वाईट वाटलं, पण तुम्हाला वाटतं त्या कारणासाठी नाही.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण टीव्हीवर ती माणसं नुसती वाकून उभी दिसतात. सर्व्हिस लाइनवर असाल तर चेंडूकडे बघायचंच नाही. पहिल्या दिवसापासून हेच घोटून घेतलं जातं. खेळाडूनं चेंडू वर टाकला की नजर लाइनवर रोवायची आणि चेंडू तिथं येण्याची वाट बघायची. चेंडूमागे डोळे फिरवलेत तर तो टप्पा घेऊन गेलेला असतो आणि तुम्हाला दिसते फक्त हिरवळ. आउट असेल तर आधी आवाज, मग हात. चांगला असेल तर तोंड बंद, दोन्ही तळवे जमिनीकडे. खेळाडू मधे आला आणि दिसलंच नाही, तर दोन्ही हात डोळ्यांपुढे धरायचे, म्हणजे निर्णय खुर्चीतल्या पंचाकडे जातो. नवीन मुलांना हीच खूण करायला सगळ्यात जड जाते. 'मला दिसलं नाही' हे हजार माणसांपुढे हातानं सांगायला छाती लागते. बेसलाइनवाल्याला आणखी एक काम: सर्व्हिस करणाऱ्याचा पुढचा पाय. तो लाइनला लागला तर फूटफॉल्ट. पुण्यात बालेवाडीला दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन सर्व्हिस करायचा तेव्हा मी चेंडूपेक्षा त्याच्या बुटाचं टोक जास्त पाहिलंय. सहा फूट आठ इंचाचा माणूस, पण पाय असा जपून ठेवायचा की फूटफॉल्ट द्यायला जागा नाही.

आता यंत्र. कॅमेऱ्यांनी चेंडूचा माग काढणारं हॉक-आय विम्बल्डनला 2007 पासून आहे, पण तेव्हा ते अपिलासाठी होतं: आधी माणसानं सांगायचं, मग खेळाडूनं शंका काढायची. यंदापासून पहिला आणि शेवटचा शब्द त्याचाच. लाइनच्या बाबतीत ते माझ्यापेक्षा अचूक आहे, यात वाद नाही. ताशी 200 किलोमीटरची सर्व्हिस लाइनला निसटती लागली की नाही, हे मी पन्नासदा बरोबर सांगेन, ते पाचशेदा सांगेल. 1981 मध्ये पहिल्याच फेरीत मॅकेनरो 'यू कॅनॉट बी सीरियस' म्हणून पंचावर ओरडला, चुना उडाला, चुना उडाला (म्हणजे चेंडू लाइनला लागला) म्हणत राहिला. ते आता होणार नाही. ज्यांना टेनिसइतकंच भांडण आवडतं त्यांचा तोटा झाला, एवढंच.

पण 6 जुलैला सेंटर कोर्टवर काय झालं? सामना महिला एकेरीचा होता, पाव्ल्युचेंकोवा आणि सोने कार्टल यांचा. एका बाजूची यंत्रणा कोणाच्या तरी हातून बंद राहिली होती. कार्टलचा फटका चांगला लांब बाहेर पडला, यंत्र गप्प. सगळ्या स्टेडियमला बाहेर दिसलेला चेंडू, आणि पंचांनी काय केलं, तर पॉइंट परत खेळायला लावला. पाव्ल्युचेंकोवा तो गेम हरली आणि माझा गेम चोरला म्हणून तिथंच बोलून दाखवलं. सामना तिनं जिंकला, म्हणून प्रकरण निभावलं. दोन दिवसांनी पुरुष एकेरीत, फ्रिट्झ आणि खाचानोव यांच्या उपांत्यपूर्व सामन्यात, रॅली चालू असताना यंत्रानं फ्रिट्झच्या फोरहँडला 'फॉल्ट' म्हटलं. फॉल्ट सर्व्हिसला असतो हो! यंत्राला वाटत होतं की अजून सर्व्हिसच चाललीय. पुन्हा पॉइंट परत.

आता नीट बघा. दोन्ही वेळा यंत्राचा डोळा चुकला नव्हता. एकदा ते बंद होतं, एकदा खेळ कुठं आलाय हे त्याला कळलं नव्हतं. अशा वेळी निर्णय द्यायचा अधिकार खुर्चीतल्या पंचाला असतो. स्वतः पाहिलं असेल तर सांगायचं, नसेल दिसलं तरच पॉइंट परत खेळवायचा. सेंटर कोर्टवर तो फटका खुर्चीतून दिसायला हवा होता, असं माझं मत आहे. पण ज्याला वर्षभर यंत्राचाच आवाज ऐकायची सवय लावली, तो ऐन वेळी स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवेल कसा?

मला वाईट वाटलं ते इथं. खुर्चीत बसणारा पंच आकाशातून पडत नाही. तो आधी लाइनवर उभा राहतो, उन्हात, जिल्हा पातळीच्या स्पर्धांत, चहा-नाश्ता आणि दिवसाच्या भत्त्यावर. तिथं त्याची नजर तयार होते, आवाज तयार होतो, आणि चिडलेल्या खेळाडूकडे शांतपणे बघायची सवय लागते. मोठ्या स्पर्धांतल्या लाइनच गेल्या तर खालची मुलं कशाच्या आशेनं उभी राहतील? विम्बल्डननं जुन्या लाइन अंपायरांपैकी काहींना कोर्टावर मदतनीस म्हणून ठेवलंय. यंत्र बंद पडलं तर ते हाताशी असावेत म्हणून. पुढची पिढी घडवायची सोय मात्र त्यात नाही.

मी बारा वर्षांची आहे. आमचे सर म्हणतात की विम्बल्डनला एक सेट 70-68 झाला होता. खरंच का? मग आता का होत नाही?
– नाशिक

तुझे सर बरोबर सांगतात गं. 2010, कोर्ट नंबर 18, पहिली फेरी, अमेरिकेचा जॉन इस्नर आणि फ्रान्सचा निकोला माहू. मंगळवारी संध्याकाळी सुरू झाला, दोन-दोन सेट झाल्यावर अंधार पडला. बुधवारी पाचवा सेट सुरू झाला तो दिवसभर चालला आणि 59-59 वर पुन्हा अंधार. गुरुवारी इस्नर जिंकला. एकूण 11 तास 5 मिनिटं, 183 गेम. इस्नरच्या एस (समोरच्याच्या रॅकेटला न लागता पॉइंट देणारी सर्व्हिस) 113, माहूच्या 103. कोर्टावरचा स्कोअरबोर्ड 47-47 ला अडकला, कारण त्याच्या पुढचे आकडे लागतील असं तो बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

हे सगळं तुला यूट्यूबवर सापडेल. मी तुला दोन गोष्टी सांगते ज्या लोक विसरतात. एक, माहू पात्रता फेरीतून आला होता आणि तिथंही त्यानं एक सामना तिसऱ्या सेटमध्ये 24-22 नं जिंकला होता. म्हणजे तो थकून आलेला, आणि तरी तीन दिवस टिकला. दोन, खुर्चीत मोहम्मद लाह्यानी हे स्वीडनचे पंच होते. बुधवारी ते सात तासांवर बसून होते. स्कोअर सांगताना आवाज तसाच ठेवायचा, 56-55 ला आणि 1-0 ला एकच सूर. तू कधी शाळेच्या मॅचला स्कोअर सांगून बघ, तिसऱ्या सेटला घसा बसतो.

आणि जिंकलेल्या इस्नरचं पुढं काय झालं? दुसऱ्या फेरीत थिमो डी बाकरनं त्याला 6-0, 6-3, 6-2 असं झोपवलं. एकही एस पडली नाही बिचाऱ्याची.

आता का होत नाही, तर नियम बदलला. पण लगेच नाही बदलला. 2018 मध्ये उपांत्य फेरीत हाच इस्नर आणि मघाशी सांगितलेला अँडरसन भेटले. 26-24 पाचवा सेट, 6 तास 36 मिनिटं. अँडरसननं त्याआधीच्या सामन्यात फेडररला 13-11 नं हरवलं होतं. अंतिम सामन्यात त्याचे पाय उरलेच नव्हते. जोकोविचनं पहिले दोन सेट 6-2, 6-2 घेतले. मग मंडळी जागी झाली. 2019 पासून 12-12 ला टायब्रेक, म्हणजे मोजक्या पॉइंटांत सेट निकाली काढणारा गेम, आला, आणि एकेरीत तो पहिल्यांदा वापरला गेला तो थेट त्या वर्षीच्या पुरुष अंतिम सामन्यात! पाचव्या सेटमध्ये फेडरर 8-7, 40-15 पुढं होता, विजेतेपदाचे दोन पॉइंट हातात होते, आणि जोकोविच 13-12 नं जिंकला. 2022 पासून 6-6 ला दहा पॉइंटांचा टायब्रेक. चारही ग्रँड स्लॅमना आता हाच नियम आहे.

मला विचारशील तर 12-12 चा नियम चांगला होता. पण मला कोणी विचारलं नाही.

पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला म्हणे 75 लाखांच्या वर मिळतात. हरण्याचे पैसे? आमच्या बँकेत असं काही नव्हतं.
– इचलकरंजी

नव्हतं, कारण तुमच्या बँकेनं तुम्हाला स्वतःच्या खर्चानं तीस देश फिरवलं नाही.

यंदा पहिल्या फेरीत हरणाऱ्या पुरुषाला 66 हजार पौंड होते, विजेत्याला 30 लाख पौंड. 1968 मध्ये व्यावसायिकांना पहिल्यांदा प्रवेश मिळाला तेव्हा रॉड लेव्हरला विजेतेपदाचे 2 हजार पौंड मिळाले होते. त्याआधी तर सगळे हौशी, रोख बक्षीसच नाही.

आता हिशेब मांडा. मुख्य ड्रॉमध्ये 128 जण. त्यातले 104 थेट क्रमवारीवर, 16 पात्रता फेरीतून, 8 वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांनी स्वतः दिलेला प्रवेश. म्हणजे शंभराव्या क्रमांकाच्या आसपासच्या माणसासाठी दोन-चार पायऱ्या वर की खाली, यावर वर्षाचं गणित ठरतं. अशा चार स्पर्धा वर्षात. बाकी महिने छोट्या चॅलेंजर स्पर्धा, विमानाची तिकिटं, प्रशिक्षक, फिजिओ, हॉटेल, रॅकेटची तार. शिवाय इंग्लंडमधला कर कापून घेतला जातो तो वेगळा. सुमित नागलनं 2023 मध्ये सांगितलं होतं की त्याच्या खात्यात 900 युरो उरलेत. तेव्हा तो भारताचा पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू होता. पुढच्या वर्षी तो पहिल्या शंभरात आला, विम्बल्डनच्या मुख्य ड्रॉमध्ये खेळला आणि केत्समानोविचकडून चार सेटमध्ये हरला. ते 'हरण्याचे पैसे' त्याच्या पुढच्या वर्षाचं भांडवल होतं. यंदा पुरुष एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये आपलं कोणीच नव्हतं.

मी बुद्धिबळ शिकवतो. आमच्याकडे स्विस पद्धत, हरलो तरी पुढं खेळतो. टेनिसमध्ये एक सामना हरला की घरी. मग मानांकनाला अर्थ काय?
– सांगली

अर्थ एवढाच की पहिल्या दोन फेऱ्यांत भांडण टळावं. 32 मानांकित असतात, आणि ड्रॉ असा पाडतात की तिसऱ्या फेरीआधी त्यांच्यातले दोघे समोरासमोर येत नाहीत. पहिला आणि दुसरा विरुद्ध टोकांना. बाकीचे चिठ्ठ्यांवर. 2000 पर्यंत 16 च मानांकित असत. त्यानंतर बरीच वर्षं विम्बल्डन हिरवळीवरची कामगिरी जास्त धरून स्वतःचं वेगळं गणित मांडायचं. 2021 पासून ते बंद, क्रमवारी जशी तशी.

आणि तरीही यंदा पहिल्याच फेरीत 13 मानांकित पुरुष घरी गेले. फ्रेंच ओपनच्या मातीवरून हिरवळीवर यायला मधे तीनच आठवडे मिळतात. मातीत चेंडू खांद्यापर्यंत उसळतो, इथं गुडघ्याला येतो. ज्याचे गुडघे वाकत नाहीत त्याचं मानांकन कागदावरच राहतं. 1985 मध्ये 17 वर्षांचा बोरिस बेकर बिनमानांकित होता, जिंकला. 2001 मध्ये गोरान इव्हानिसेविच क्रमवारीत 125 वा, आयोजकांनी कृपा म्हणून वाइल्ड कार्ड दिलेलं. पावसानं अंतिम सामना सोमवारवर गेला आणि पॅट रॅफ्टरला त्यानं पाचव्या सेटमध्ये 9-7 नं हरवलं. वाइल्ड कार्डवर पुरुष एकेरी जिंकणारा तो एकटाच.

यंदाचा नशिबाचा भाग सांगते. चौथ्या फेरीत ग्रिगोर दिमित्रोव सिनरविरुद्ध दोन सेट पुढं होता, तिसऱ्यात 2-2. सर्व्हिस करताना छातीचा स्नायू गेला आणि त्याला सामना सोडावा लागला. तुमच्या पटावर असं होत नाही. त्यात सिनरचा दोष नाही. विम्बल्डन जिंकण्याच्या पाचच आठवडे आधी पॅरिसला याच अल्कराझविरुद्ध विजेतेपदाचे तीन पॉइंट घालवून तो 5 तास 29 मिनिटांनी हरला होता. तिथून उठून पुढची मोठी स्पर्धा जिंकणं, हे मला त्याच्या बॅकहँडपेक्षा मोठं वाटतं.

आमच्या लहानपणी रामनाथन कृष्णनचं नाव घरोघरी होतं. एकाही भारतीयाला पुरुष एकेरी का जिंकता आली नाही?
– दादर

काका, कृष्णन दोनदा उपांत्य फेरीत गेले, 1960 आणि 1961. हरले कोणाकडून? एकदा नील फ्रेझर, एकदा रॉड लेव्हर. दोघेही त्या त्या वर्षीचे विजेते. 1961 मध्ये उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी रॉय इमर्सनला तीन सरळ सेटमध्ये हरवलं होतं. 1962 मध्ये चौथं मानांकन मिळालं आणि घोटा दुखावला, स्पर्धा अर्ध्यावर सोडावी लागली.

त्यांची सर्व्हिस मात्र साधी होती. हातात कला होती, चेंडू कुठं ठेवायचा याची जाण होती, पण हिरवळीवर फुकटचे पॉइंट सर्व्हिस देते. लेव्हरसमोर प्रत्येक पॉइंट कमवायचा म्हणजे फार झालं. विजय अमृतराजकडे सर्व्हिस होती, उंची होती. 1979 मध्ये बोर्गविरुद्ध तो दोन सेट विरुद्ध एक असा पुढं होता. 1981 च्या उपांत्यपूर्व फेरीत जिमी कॉनर्सविरुद्ध पहिले दोन सेट त्याचे. दोन्ही हरला. पाच सेटचा सामना दोन सेटनंतर सुरू होतो, असं आमच्याकडे म्हणतात, आणि तिथून पुढं लागणारी तब्येत त्या काळी आपल्याकडे कोणी बनवून देत नव्हतं. रमेश कृष्णन 1986 मध्ये उपांत्यपूर्व फेरीत गेला. त्यानंतर पुरुष एकेरीत तिथवर कोणीच भारतीय पोचलेला नाही. दुहेरीची गोष्ट वेगळी, ती पुन्हा कधीतरी.

'का' याचं एका ओळीतलं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते छापलं तर आमच्या संघटनेतली अर्धी माणसं बोलायची थांबतील. म्हणून एवढंच विचारते: बालेवाडीला 2018 ते 2023 मध्ये पाचदा एटीपी स्पर्धा, म्हणजे व्यावसायिक पुरुष टेनिसची स्पर्धा, झाली. ती गेली तेव्हा तिच्यासाठी कोण भांडलं?

कपडे पांढरेच का? आणि क्रीम रंग चालतो का?
– मडगाव

घामाचे डाग रंगीत कपड्यांवर उठून दिसतात, आणि व्हिक्टोरियाच्या काळातल्या मंडळींना ते असभ्य वाटायचं. क्रीम चालत नाही. काठाची रंगीत पट्टी एक सेंटिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. 2013 मध्ये फेडररच्या बुटांचे तळवे नारिंगी होते, पुढच्या सामन्याला ते बदलून यायला सांगितलं.

मुलगा रेडिंगला असतो. पुढच्या वर्षी आम्ही दोघं जुलैत जाणार आहोत. तिकीट मिळेल का? वय 68 आणि 64.
– ठाणे

मिळेल, पण सेंटर कोर्टवर पुरुषांचा अंतिम सामना डोक्यातून काढून टाका. तिथली बहुतेक तिकिटं सोडतीनं जातात. सोडतीचा अर्ज आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत निघतो, मुलाला आत्तापासून लक्ष ठेवायला सांगा.

दुसरा रस्ता रांगेचा. सेंटर, 1 आणि 2 नंबरच्या कोर्टांची प्रत्येकी सुमारे पाचशे तिकिटं रोज रांगेतल्यांना मिळतात. सेंटर कोर्टची शेवटच्या चार दिवसांत नाहीत. त्यासाठी लोक आदल्या दिवशी विम्बल्डन पार्कात तंबू टाकून झोपतात. तुम्ही ते करू नका. पहिल्या आठवड्यात पहाटे जा आणि साधा ग्राउंड पास घ्या. स्टेशन विम्बल्डन नव्हे, साउथफील्ड्स. डिस्ट्रिक्ट लाइननं जायचं. रांगेत तारीख आणि नंबर घातलेलं कार्ड मिळतं, ते एकाला एकच, म्हणून दोघांनीही उभं राहायचं. काकांनी जागा धरून ठेवायची आणि काकूंनी नऊला यायचं, ही आपली पद्धत तिथं चालणार नाही.

ग्राउंड पासवर बाहेरची कोर्टं मिळतात, आणि पुरुष एकेरीच्या पहिल्या तीन फेऱ्या बघायला त्यापेक्षा चांगली जागा नाही. खेळाडू चार-पाच हातांवर असतो, बुटाखाली हिरवळ करकरते ते ऐकू येतं. बेसलाइनच्या मागं उभं राहा, बाजूला नको. बाजूनं चेंडू नुसता इकडून तिकडं जाताना दिसतो, मागून त्याचं वळण दिसतं. दुपारी तीननंतर मोठ्या कोर्टांवरून लवकर गेलेल्यांची तिकिटं स्वस्तात परत विकायला येतात. ते पैसे धर्मादाय कामाला जातात. फोनवर त्यांचं अ‍ॅप आधीच उतरवून ठेवा. डबा नेता येतो. थालीपीठ न्या, तिथल्या स्ट्रॉबेरीनं पोट भरत नाही.